लायब्ररीत ब्लॉक बदलला तरी ड्रॉइंगमध्ये जुनाच येतोय? ऑटोकॅडमधली नेहमीची कटकट

ऑटोकॅड म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, आणि त्यात ब्लॉक म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या रेषा, एकदा काढायच्या आणि हव्या तिथं टाकायच्या. लायब्ररीतला दरवाज्याचा ब्लॉक उघडला, फ्रेम जाड केली, सेव्ह केला, चालू कामाच्या ड्रॉइंगमध्ये येऊन तोच ब्लॉक परत टाकला, आणि आला काय तर जुनाच, बारीक फ्रेमवाला. परत टाका, परत जुना. ऑटोकॅड बंद करून चालू करा, तरी जुनाच. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण कधी ना कधी हे घेऊन येतोच, "सर, मी सेव्ह केलाय ओ, तरी हा जुनाच दाखवतोय." मग कोणीतरी म्हणतं पर्ज मार (न वापरलेलं ड्रॉइंगमधून काढ), कोणी म्हणतं रीजेन कर (स्क्रीन नव्यानं काढ), कोणी सरळ एक्स्प्लोड करून, म्हणजे ब्लॉक फोडून सुट्या रेषा करून, हातानं बदलून टाकतं, आणि खरा घोळ तिथून पुढं सुरू होतो.

(कमांडची नावं बोलतो तशीच लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

आधी हे असं का होतं ते बघू, कारण पुढच्या निम्म्या भानगडी यातूनच निघतात. ब्लॉकची लायब्ररी म्हणून आपण जो फोल्डर ठेवतो त्याचा आणि चालू ड्रॉइंगचा एकदा ब्लॉक टाकून झाला की काही संबंध उरत नाही. ब्लॉक पहिल्यांदा टाकला की त्याची पूर्ण डेफिनिशन, म्हणजे आतला सगळा माल, त्या डीडब्ल्यूजीच्या (ड्रॉइंगच्या फाइलच्या) आत कॉपी होते, झेरॉक्स काढून फायलीला लावल्यासारखी, आणि तिथून पुढं ओरिजिनलमध्ये काय वाट्टेल ते बदला, झेरॉक्सला पत्ता नसतो. पुढच्या वेळी त्याच नावाचा ब्लॉक टाकला की ऑटोकॅड आधी आतमध्ये बघतं, डी-०१ (आपल्या दरवाज्याच्या ब्लॉकचं नाव समजा) नावाचं काही आहे का, आहे ना, मग तेच वापरा. आत काय रेषा आहेत, तारीख कुठली, कोणी केला, असलं काही ते तपासत नाही. फक्त नाव बघतं.

आणि हे सगळं गुपचूप होतं. दुसऱ्या ड्रॉइंगमधून कंट्रोल सी, कंट्रोल व्ही केलं आणि त्याच नावाचा ब्लॉक इकडं आधीपासून असला तर कमांड लाइनवर एक ओळ येऊन जाते, 'डुप्लिकेट डेफिनिशन ऑफ ब्लॉक डी-०१ इग्नोअर्ड', एवढंच. कुठला डायलॉग नाही, लाल खूण नाही. म्हणून असं काही झालं की पहिलं काम, एफ२ दाबा (कमांड लाइनवरचा आधीचा मजकूर उघडतो) आणि वर स्क्रोल करून ही ओळ आहे का बघा. असली तर तुमचं उत्तर तिथंच मिळालं. डिझाइन सेंटरमधून (दुसऱ्या फायलींच्या आतलं बघून उचलायची खिडकी) नुसतं ड्रॅग करून टाकलं तरी हेच होतं. २०२० पासून जी ब्लॉक्स पॅलेट आली आहे तिच्यात 'करंट ड्रॉइंग' टॅब उघडा असताना लोक तिथलाच ब्लॉक उचलतात आणि म्हणतात लायब्ररीतला टाकला. तो टॅब म्हणजे याच ड्रॉइंगच्या आतला माल आहे, लायब्ररीचा तिथं काही संबंध नाही.

आता उपाय. मला स्वतःला डिझाइन सेंटरवाला बरा वाटतो कारण काय करतोय ते दिसतं. कंट्रोल आणि २ दाबा, लायब्ररीची फाइल शोधा, तिच्या आतल्या 'ब्लॉक्स' वर क्लिक करा, हव्या त्या ब्लॉकवर राइट क्लिक करा, तिथं 'रीडिफाइन ओन्ली' मिळतं. ते दाबलं की नवीन काही टाकलं जात नाही, फक्त आतली डेफिनिशन बदलते आणि ड्रॉइंगमधले सगळे डी-०१ एका झटक्यात नवे होतात. टूल पॅलेटवर (नेहमी लागणाऱ्या गोष्टी ठेवायची पट्टी) ब्लॉक ठेवायची सवय असेल तर तिथंही राइट क्लिकमध्ये रीडिफाइन असतं, पण तो ब्लॉक एखाद्या फाइलच्या आतला असेल तरच. अख्खी डीडब्ल्यूजीच पॅलेटवर ब्लॉक म्हणून ठेवली असेल तर तो पर्याय मिळत नाही, मग डिझाइन सेंटरकडंच या.

ज्यांच्या लायब्ररीत एक ब्लॉक एक फाइल अशी पद्धत आहे त्यांच्यासाठी जुनी कमांड लाइनवालीच भारी. मायनसवाली इन्सर्ट घ्या, म्हणजे डायलॉग येत नाही, नाव विचारलं की असं द्या:

डी-०१=डी:\ब्लॉक्स\डी-०१.डीडब्ल्यूजी

ते बरोबरचं चिन्ह म्हणजेच सगळी गंमत आहे. नुसतं नाव दिलं तर आतलाच जुना घेणार, असं चिन्हासकट दिलं तर विचारणार, ब्लॉक आधीच आहे, रीडिफाइन करू का? यस म्हणा. मग तो इन्सर्शन पॉइंट विचारेल, तिथं एस्केप मारा, रीडिफाइन तोवर होऊन गेलेलं असतं. एक सांगतो, लायब्ररीच्या फोल्डरच्या पूर्ण पाथमध्ये स्पेस ठेवू नका, 'न्यू फोल्डर २' छाप नावं असली की कमांड लाइन आणि स्क्रिप्ट (ओळीनं लिहिलेल्या कमांडची फाइल) दोन्हीकडं त्रास होतो.

इथपर्यंत सोपं आहे. रीडिफाइन झालं आणि सगळे दरवाजे भिंतीतून उडून भलतीकडं गेले, ही पुढची तक्रार. याचं कारण बेस पॉइंट, म्हणजे ब्लॉक ज्या बिंदूला धरून टाकला जातो तो. जुन्या ब्लॉकचा बेस पॉइंट बिजागरीच्या कोपऱ्यात होता आणि नवीन फाइल कोणीतरी प्लॅनमधून उचलून नुसती सेव्ह ॲज केलेली, म्हणजे तिचा बेस शून्य-शून्यला आणि दरवाजा तिथून पन्नास मीटर लांब. अंडू करा, लायब्ररीची फाइल उघडा, बेस कमांड घेऊन बिजागरीचा कोपरा द्या, सेव्ह करा, परत रीडिफाइन करा. रोटेशनचंही तसंच. जुना दरवाजा उजवीकडं उघडत होता आणि नवा डावीकडं काढलाय, तर प्लॅनमधले सगळेच फिरणार. ब्लॉक सुधारताना आतलं काहीही बदला, बेस पॉइंट आणि दिशा मात्र आहे तीच ठेवा.

ॲट्रिब्यूट, म्हणजे ब्लॉकबरोबर भरायची माहिती, असलेल्या ब्लॉकला जरा जपून, कारण तिथं डेटा जातो. समजा दरवाज्याच्या ब्लॉकला नंबर आणि साइज असे दोन टॅग, म्हणजे माहितीचे दोन रकाने, आहेत, तुम्ही लायब्ररीत तिसरा टॅग वाढवला, फायर रेटिंगचा, आणि रीडिफाइन केलं. रेषा सगळीकडं बदलतात, पण आधी टाकलेल्या दरवाज्यांना तिसरा टॅग येत नाही, फक्त यापुढं टाकाल त्यांनाच येतो. लोकांना वाटतं रीडिफाइन अर्धवट झालं. तसं नाही, ॲट्रिब्यूट प्रत्येक इन्सर्टबरोबर वेगळे साठवलेले असतात, त्यांना नव्या डेफिनिशनशी जुळवायला ॲटसिंक कमांड द्यावी लागते. ॲटसिंकनं नवा टॅग येतो आणि ज्या टॅगचं नाव तेच आहे त्याची भरलेली व्हॅल्यूही राहते. पण दोन गोष्टी होतात. एक, कोणी हातानं टॅगचं टेक्स्ट सरकवलं असेल, रंग किंवा उंची बदलली असेल तर ते सगळं डेफिनिशनप्रमाणे परत जागेवर येतं, म्हणजे प्लॅनमध्ये भिंतीवर येणारे नंबर तुम्ही तासभर बसून बाजूला घेतले असतील तर ते गेले. आणि दोन, टॅगचं नाव बदललं असेल, म्हणजे साइजचं डोअर-साइज केलं असेल, तर ऑटोकॅडच्या दृष्टीनं जुना टॅग मेला आणि नवा रिकामा जन्मला, भरलेल्या सगळ्या साइजा गेल्या.

म्हणून ॲटसिंकच्या आधी एक्सप्रेस टूल्समधलं (ऑटोकॅडबरोबर मिळणाऱ्या जादा कमांडमधलं) ॲटआउट मारून घ्या. सगळ्या ब्लॉकच्या व्हॅल्यू टॅब टाकलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये येतात, एक्सेलमध्ये उघडतात, प्रत्येक ओळीला त्या ब्लॉकचं हँडल, म्हणजे ड्रॉइंगमधली त्याची ओळखखूण, असतं. काही बिनसलं तर त्याच फाइलवरून ॲटइन करून व्हॅल्यू परत भरता येतात, फक्त हँडलच्या कॉलमला एक्सेलमध्ये हात लावू नका. दीडशे दरवाज्यांचं शेड्यूल साइटवर गेल्यावर सुतार विचारतो, टॉयलेटला ७५० लिहायचं होतं ना, हे ९०० कसं, त्यापेक्षा हे एक मिनिट बरं.

आता अशी एक एरर जी लायब्ररीवाल्या ऑफिसांमध्ये हमखास येते आणि वाचून काही कळत नाही, 'ब्लॉक डी-०१ रेफरन्सेस इटसेल्फ'. म्हणजे ब्लॉक स्वतःलाच बोलावतोय. होतं असं की कोणीतरी ड्रॉइंगमधला डी-०१ सिलेक्ट केला, डब्ल्यूब्लॉक (निवडलेलं वेगळ्या फाइलमध्ये लिहिणारी कमांड) घेतलं, सोर्समध्ये 'ऑब्जेक्ट्स' ठेवलं आणि फाइलला नाव दिलं डी-०१. आता त्या फाइलमध्ये रेषा नाहीयेत, डी-०१ नावाचा ब्लॉक बसलाय. ही फाइल डी-०१ म्हणून टाकायला गेलात की डी-०१ च्या आत डी-०१ असं होतं आणि ऑटोकॅड हात वर करतं. दुरुस्ती सोपी आहे, ती फाइल उघडा, आतला ब्लॉक एकदा एक्स्प्लोड करा, मग पर्ज करून डी-०१ ची डेफिनिशन काढून टाका, बेस पॉइंट बघा, सेव्ह करा. ॲट्रिब्यूट असतील तर एक्स्प्लोड केल्यावर टॅगची नावं दिसायला लागतात, तेच बरोबर आहे, बर्स्ट वापरू नका कारण बर्स्ट त्यांचं साधं टेक्स्ट करून टाकतं. डायनॅमिक ब्लॉक, म्हणजे टाकल्यावरही रुंदी किंवा रूप बदलता येणारा, असेल तर मात्र एक्स्प्लोड अजिबात नको, त्याचे ग्रिप, व्हिजिबिलिटी सगळं जातं, तिथं मूळ ड्रॉइंगमध्ये जाऊन डब्ल्यूब्लॉकच्या सोर्समध्ये 'ब्लॉक' निवडा आणि यादीतून डी-०१ घ्या, म्हणजे ब्लॉकच्या आतला माल थेट फाइलमध्ये लिहिला जातो. खरं तर पहिल्यापासून हेच करायचं असतं, पण कोणी शिकवत नाही.

काही दरवाजे बदलले आणि काही नाही बदलले, असंही होतं. नाही बदललेल्यावर क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. तिथं ब्लॉक रेफरन्सच्या ऐवजी लाइन, आर्क असं दिसलं तर कोणीतरी तो फोडलाय, आता तो कायमचा अनाथ, काढून नवीन टाका. ब्लॉक आहे पण नाव 'ए डॉलर सी' आणि पुढं आकडे-अक्षरांची रांग असं असेल तर ते पेस्ट ॲज ब्लॉक केल्याचं फळ, ऑटोकॅडनं स्वतःच नाव पाडलंय. तो रिनेम कमांडनं डी-०१ करता येत नाही कारण ते नाव घेतलेलं आहे, मग एक्सप्रेस टूल्समधलं ब्लॉकरिप्लेस घ्या, हा काढ आणि त्या जागी तो घाल, सगळीकडं. २०२४ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर ब्लॉक सिलेक्ट करून राइट क्लिकमध्ये रिप्लेस मिळतं. आणि २०२२ पासून काउंट आहे, तो लावून कुठल्या नावाचे किती ब्लॉक आहेत हे आधी बघितलं तर किती घाण झालीय याचा अंदाज येतो. डायनॅमिक ब्लॉक, म्हणजे २००६ पासून आले ते, त्यात एखाद्याची रुंदी ओढली की आतमध्ये त्याला 'स्टार यू' नं सुरू होणारं नाव मिळतं, प्रॉपर्टीजमध्ये मूळ नावच दिसतं त्यामुळं बाकीच्यांना फरक पडत नाही, पण नावावरून ब्लॉक शोधणारं एखादं जुनं लिस्प (ऑटोकॅडसाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) वापरत असाल तर ते नेमके हेच दरवाजे सोडून देतं.

स्केलची तक्रार वेगळी वाटते पण मूळ तेच. इंटिरियरवाल्यांकडून फाइल येते फूट-इंचात, आपलं काम मिलिमीटरमध्ये, सोफा टाकला की माचिसच्या डबीएवढा येतो. इन्सयुनिट्स (फाइलचं एकक ठरवणारं सेटिंग) बघा दोन्ही फायलींचा, इंचाला १, मिलिमीटरला ४, मीटरला ६, आणि ० म्हणजे काही ठरवलेलंच नाही. दोन्ही नीट असतील तर ऑटोकॅड आपणहून २५.४ नं गुणतं. एकीकडं ० असेल तर ते तुमच्या ऑप्शन्समधल्या डिफॉल्टवरून ठरवतं, आणि ते डिफॉल्ट फाइलमध्ये नसतं, कॉम्प्युटरवर असतं, म्हणून तोच सोफा शेजारच्या मशीनवर बरोबर येतो आणि तुमच्याकडं नाही. आणि सेटिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, फाइल म्हणते मिलिमीटर आणि काढलेलं असतं इंचात, असं बऱ्याचदा असतं. लायब्ररीच्या फाइलमध्ये डिस्ट घेऊन तीन फुटी दरवाजा मोजा, ३६ आलं तर इंच, ९०० च्या आसपास आलं तर मिलिमीटर, ०.९ आलं तर मीटर. सेटिंग चुकीचं असेल तर ते बदला, मात्र नुसतं सेटिंग बदलून आधीच्या ड्रॉइंगमध्ये काही होत नाही, कारण पुन्हा तेच, आत जुनी डेफिनिशन बसलेली आहे. सगळे सोफे डिलीट करून पर्ज करा, मग नव्यानं टाका.

रंगाचं थोडक्यात. ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग घ्यावा असं वाटत असेल तर ब्लॉकच्या आतल्या रेषा लेयर शून्यवर आणि रंग बायलेयर, म्हणजे लेयरप्रमाणे, पाहिजे. आत लाल रंग ठोकून बसवला असेल तर तो लालच राहणार, प्लॉटला पेनही तेच लागणार. कंपन्यांच्या वेबसाइटवरून उतरवलेले कमोड-बेसिन सरळ कामाच्या ड्रॉइंगमध्ये टाकू नका, पन्नास लेयर आणि कुठल्या कुठल्या लाइनटाइप घेऊन येतात, आधी रिकाम्या फाइलमध्ये टाकून धुऊन घ्या आणि मग लायब्ररीत जाऊ द्या.

एक ड्रॉइंग दुरुस्त झालं, पण प्रोजेक्टमध्ये चाळीस शीट आहेत, तर स्क्रिप्ट लिहा. प्रत्येक फाइलवर बरोबरच्या चिन्हासकट इन्सर्ट, मग सेव्ह. दोन ठिकाणी स्क्रिप्ट अडकते. ज्या शीटमध्ये डी-०१ आधीपासून नाही तिथं रीडिफाइन करू का हा प्रश्न येतच नाही, आणि तुमचं लिहिलेलं यस पुढच्या प्रश्नाला जाऊन पडतं. एक्सपर्ट व्हेरिएबल २ करा, म्हणजे तो प्रश्न कुठंच येणार नाही आणि यसही लिहायला नको, शेवटी परत ० करा. दुसरं, स्क्रिप्टमधून एस्केप मारता येत नाही, म्हणून ब्लॉक ०,० ला खरोखरच टाकायचा आणि लगेच इरेझ लास्टनं उडवायचा, ॲट्रिब्यूट असतील तर त्याआधी ॲटरेक ० करायचं म्हणजे तो व्हॅल्यू विचारत बसणार नाही. युनिफॉर्म स्केलवाल्या ब्लॉकला स्केल एकदाच विचारतो, बाकीच्यांना एक्स आणि वाय वेगळा, त्यामुळं आधी एका फाइलवर हातानं करून एफ२ मधले प्रश्न क्रमानं बघून घ्या आणि मगच लिहा. २०१३ पासून ऑटोकॅडबरोबर ॲकोरकन्सोल येतं, त्यात फाइल न दिसताच स्क्रिप्ट चालते, भराभर होतं. पण फोल्डरची कॉपी काढल्याशिवाय चालवू नका, ज्युनियरनं विचारलं तरी नाही म्हणा.

नावाबद्दल माझं मत, आणि यावर आमच्याकडं वाद होतात. बरेच जण म्हणतात नाव कायम तेच ठेवा, डी-०१ म्हणजे डी-०१, आणि बदल झाला की रीडिफाइन करा. माझ्या मते चालू प्रोजेक्टपुरतं ते ठीक, पण ऑफिसच्या लायब्ररीत मोठा बदल केला की नाव बदलायचंच, डी-९००-व्ही२ असं. कारण एकाच नावाचे दोन वेगवेगळे ब्लॉक समोरासमोर आले की जुना जिंकतो आणि कोणाला कळतही नाही. नावं वेगळी असली की फार तर दोन्ही ड्रॉइंगमध्ये दिसतात, यादीत डोळ्याला खुपतात, आणि मग ब्लॉकरिप्लेस मारून एक काढता येतो. 'न्यू', 'फायनल', 'फायनल नवीन' असली नावं मात्र नकोत, सहा महिन्यांनी कुठलं आधीचं ते ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि प्रत्येक गोष्टीला ब्लॉक नको. शीटची बॉर्डर, ग्रिड, लिफ्ट आणि जिन्याचा कोअर, अशा गोष्टी सगळ्या मजल्यांवर एकसारख्या असतात आणि सारख्या बदलतात, त्या एक्सरेफ करून (बाहेरची फाइल जोडून) लावा, तिथं लिंक जिवंत राहते, मूळ फाइल सेव्ह केली की बाकीच्यांना रीलोडचा निरोप येतो. कन्सल्टंटला पाठवताना बाइंड करावं लागतं, म्हणजे जोडलेली फाइल ड्रॉइंगच्या आत मिसळावी लागते, तेवढंच बघा. साधं बाइंड केलंत तर ब्लॉकची नावं 'कोअर$०$डी-०१' अशी होतात आणि एकच दरवाजा दोन नावांनी मोजला जातो. 'इन्सर्ट' निवडून बाइंड केलं, किंवा बाइंडटाइप १ ठेवलं, तर नावं स्वच्छ राहतात, पण तेव्हा दोन्हीकडं डी-०१ असला तर ज्या ड्रॉइंगमध्ये बाइंड करताय त्यातलाच राहतो आणि एक्सरेफमधला जातो, म्हणून त्याआधी आपल्या ड्रॉइंगमधला डी-०१ ब्लॉक एडिटरमध्ये उघडून नवीनच आहे ना ते बघून घ्या.